घरचा सिम्युलेटर आणि प्रवासी विमानाचा अभ्यास : एक प्रस्तावना

गृह-सिम्युलेटर म्हणजे घरच्या संगणकावर चालणारी उड्डाणाची गणिती प्रतिकृती होय. पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा दाब, इंजिनाचा जोर, टाकीतील इंधनाचे वजन, वारा आणि तापमान यांची आकडेमोड संगणक क्षणोक्षणी करीत राहतो आणि तिच्यातून जे निष्पन्न होते त्याप्रमाणे पडद्यावरचे काटे, आकडे व खिडकीबाहेरचा देखावा बदलत जातो. या साधनाचा वापर दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा फेरफटक्याची. एखादे छोटे विमान घेऊन ओळखीच्या गावावरून, नदीवरून, डोंगरावरून हिंडून यावे, एवढाच तिचा हेतू असतो आणि त्यात गैर काही नाही. दुसरी तऱ्हा अभ्यासाची, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय तीच आहे. शंभर-दीडशे प्रवासी वाहून नेणाऱ्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विमानाची विद्युत, इंधन, हवा व हायड्रॉलिक यंत्रणा, त्याचे संगणक आणि ते चालवण्याची शिस्त समजून घेऊन, थंड पडलेल्या विमानात वीज आणण्यापासून मुक्कामी इंजिन बंद करण्यापर्यंतचे सगळे काम क्रमाने पार पाडणे, असे या अभ्यासाचे स्वरूप आहे. अशा अभ्यासातून हाताला उड्डाणाचे पूर्ण कौशल्य येत नाही. परंतु या घटकेला विमान कोणाच्या हुकमाखाली आहे, माणसाच्या की यंत्राच्या, आणि ते यापुढे काय करणार आहे, हे ओळखण्याची सवय मात्र घरच्या टेबलावरही पक्की होऊ शकते, आणि आजच्या प्रवासी विमानात वैमानिकाच्या कामाचा गाभा हाच आहे, ही या विवेचनामागील भूमिका आहे.

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस लिंक यांनी पहिले प्रशिक्षण-यंत्र तयार केले ते त्या कारखान्यातल्याच सामग्रीतून. लाकडी खोक्यासारख्या बंद कॉकपिटखाली ऑर्गनचे भाते बसवलेले असत. शिकाऊ वैमानिकाने दांडी हलवली की त्या भात्यांत हवा भरली वा काढली जाई आणि खोके त्या बाजूला कलत असे. महाराष्ट्रातील वाचकाला भजनाच्या पेटीचा भाता ठाऊक असल्याने ही यंत्ररचना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. सुरुवातीला हे यंत्र जत्रेतल्या करमणुकीसाठीच अधिक विकले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याची जबाबदारी आली आणि खराब हवेत केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसल्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांचे प्राण गेले, तेव्हा सैन्याने लिंक यांची यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिकांनी बाहेरचे काहीही न दिसणाऱ्या त्या खोक्यात बसून उपकरणे वाचण्याचे शिक्षण घेतले. सिम्युलेटर पहिल्यांदा उपयोगी पडला तो डोळ्यांवर व शरीराच्या भासांवर विसंबून न राहता उपकरणांवर विश्वास ठेवायला शिकवण्यासाठी, हे या इतिहासातून ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण घरच्या सिम्युलेटरचे बळही आजतागायत त्याच ठिकाणी आहे.

घरगुती संगणकावर उड्डाण आणण्याचे श्रेय ब्रूस आर्टविक यांना दिले जाते. त्यांच्या सबलॉजिक या कंपनीचा कार्यक्रम १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी बाजारात आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या आधारावर आपला फ्लाइट सिम्युलेटर प्रसिद्ध केला. ऑस्टिन मेयर यांच्या एक्स-प्लेनने १९९० च्या दशकात वेगळी वाट धरली. विमानाच्या पंखांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर हवा किती बल लावते ते मोजायचे आणि त्या बेरजेतून विमानाची हालचाल काढायची, अशी त्याची रीत आहे. फ्लाइटगियर हा कार्यक्रम तर पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोताचा आहे. २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या नव्या आवृत्तीने उपग्रहचित्रांच्या आधारे सगळी पृथ्वी पडद्यावर आणली. तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने देखाव्यापेक्षा मोलाची गोष्ट दुसरी आहे. या मूळ कार्यक्रमांना जोडून वापरायची अशी विमाने स्वतंत्रपणे तयार होऊ लागली, ज्यांच्या कॉकपिटमधील जवळजवळ प्रत्येक खटका खऱ्याप्रमाणे काम करतो, एक जनित्र बंद केले तर नेमक्या कोणत्या वाहिनीची वीज जाते हेही खऱ्या आराखड्याप्रमाणे घडते, आणि उड्डाणाचा संगणक खऱ्याप्रमाणेच मार्ग, वजन व वारा विचारतो. या दर्जाला सिम्युलेटर वापरणारे ‘स्टडी लेव्हल’ म्हणतात. पीएमडीजीचे ७३७ आणि फेनिक्सचे ए३२० ही विकत घ्यावी लागणारी विमाने त्यात मोडतात. फ्लायबायवायर या गटाने स्वयंसेवकांच्या श्रमांतून घडवलेले ए३२०निओ आणि एक्स-प्लेनसाठीचे ‘झिबो’ नावाने ओळखले जाणारे ७३७-८०० ही मात्र कोणालाही विनामूल्य मिळतात. ज्या ज्ञानासाठी पूर्वी विमान कंपनीच्या प्रशिक्षण केंद्राचे दार उघडावे लागे, त्याचा मोठा भाग या स्वयंसेवकांमुळे खेड्यातल्या घरापर्यंत आला, ही गेल्या काही वर्षांतील फार मोठी घटना आहे आणि तिची पुरेशी नोंद मराठीत झालेली नाही.

हे विवेचन गुरुकुंज मोझरी हे ठिकाण मध्यवर्ती धरून केले आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या आश्रमामुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण प्रत्यक्ष जीवनाशी आणि उद्योगाशी जोडलेले असावे, हा तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतील आग्रह. त्या आग्रहाच्या कसोटीवर एखाद्या तरुणाने संगणकावर विमान शिकणे उतरते की नाही, हा प्रश्न येथे विचारात घेणे भाग आहे, आणि शिकण्याची रीत नेटकी असेल तर ते उतरते असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. दुसरे कारण भूगोलाचे. विमानाच्या वाटांच्या दृष्टीने वऱ्हाड कधीच आडबाजूला नव्हता. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या शहरी परतत. मुंबईचे डाकोटा विमान त्या काळी रोज रात्री वऱ्हाडावरून जाई आणि येई, आणि त्यातील वैमानिकांना आधार होता तो रेडिओच्या संकेतांचा, घड्याळाचा आणि होकायंत्राचा.

आता विषयाच्या अंतरंगाकडे वळता येईल. नवशिक्याने इंजिने सुरू असलेले विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे करून अभ्यासाला आरंभ करू नये. ज्यात एकही दिवा पेटलेला नाही अशा विमानापासून करावा. ए३२० मध्ये प्रथम डोक्यावरच्या पॅनेलवरील दोन बॅटऱ्यांचा विद्युतदाब पाहायचा असतो, मग बाहेरची वीज घ्यायची असते किंवा शेपटीतील एपीयू, म्हणजे जमिनीवर असताना वीज व हवा पुरवणारे छोटे सहायक इंजिन, सुरू करायचे असते. त्यानंतर तीन गोल खटके ‘नॅव्ह’ या खुणेवर फिरवले जातात आणि विमानाची जडत्वाधारित दिशादर्शक यंत्रणा जागी होते. या यंत्रणेतील लेझर-जायरो इतके संवेदनशील असतात की उभ्या विमानात बसून ते पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे जाणतात आणि त्यावरून खरी उत्तर दिशा शोधून काढतात. या कामाला काही मिनिटे लागतात, विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितकी ती वाढतात, आणि तोवर विमान जागचे हलता कामा नये. बहुतेक सिम्युलेटरमध्ये ही मिनिटे वाचवून यंत्रणा तत्काळ तयार करण्याची सोय दिलेली असते. ती सोय अभ्यासकाने बंद ठेवावी. या मिनिटांतच खरा वैमानिक उड्डाणाच्या संगणकात मार्ग भरतो, इंधनाचा हिशेब ताडून पाहतो आणि निघण्याच्या वाटेची उजळणी करतो. थांबण्याचा वेळ काढून टाकला की कामांचा क्रम कशामुळे तसा ठरला आहे तेच कळेनासे होते आणि उरते ती खटक्यांची निव्वळ पाठांतराची यादी.

या विमानातील सर्वांत मर्माची जागा समोरच्या काचेखाली असलेल्या अरुंद पट्टीवर आहे. तिला फ्लाइट कंट्रोल युनिट म्हणतात आणि तिच्यावर वेग, दिशा, उंची व चढ-उताराचा दर यांची चार गोल बटणे असतात. वेग, दिशा आणि उंची यांचे बटण आत दाबले तर ती बाब विमानाच्या संगणकाकडे सोपवली जाते. तेच बटण बाहेर ओढले तर वैमानिकाने स्वतः निवडलेला आकडा लागू होतो. पहिल्या अवस्थेला ‘मॅनेज्ड’ आणि दुसरीला ‘सिलेक्टेड’ म्हणतात. दाबण्या-ओढण्याची ही क्रिया दिसायला किरकोळ आहे, परंतु तिच्यामुळे विमानाचा कारभार एका हातातून दुसऱ्या हातात जातो. कारभार खरोखर गेला की नाही हे बटणाकडे पाहून कळत नाही. ते पाहण्याची जागा वैमानिकाच्या मुख्य पडद्याच्या वरच्या कडेला आहे. तेथे पाच रकान्यांत इंजिनाचा जोर, उभी गती, आडवी दिशा, उतरण्याची क्षमता आणि चालू असलेल्या स्वयंचलित यंत्रणा यांची स्थिती लिहून येते, हिरव्या अक्षरांत चालू असलेली आणि निळ्या अक्षरांत पुढे लागू होण्याच्या तयारीत असलेली. या पट्टीला फ्लाइट मोड अनन्सिएटर, संक्षेपाने एफएमए, म्हणतात. प्रत्येक बदलानंतर ती मोठ्याने वाचण्याची शिस्त विमान कंपन्यांत असते, आणि घरी एकट्याने सराव करणाऱ्यानेही ती मोठ्यानेच वाचावी.

ही शिस्त कशासाठी, याची साक्ष दोन अपघात देतात. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए३२० बंगळूरला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले आणि विमानातील १४६ पैकी ९२ जणांचा मृत्यू झाला. हे विमान तेव्हा भारतात नवेच होते. शेवटच्या टप्प्यात ते ‘ओपन डिसेंट’ या अवस्थेत होते, म्हणजे इंजिने अगदी मंद, वेग राखण्याचे काम केवळ नाकाच्या कलावर, आणि ठरवलेल्या उंचीपर्यंत उतरत राहायचे एवढाच संगणकाला हुकूम. उतरण्याच्या दराचे बटण फिरवण्याऐवजी चुकून उंचीचे बटण फिरवले गेले असावे, अशी शक्यता चौकशीत पुढे आली. वेग घटत गेला, इंजिने मंदच राहिली, आणि जोर वाढवला गेला तेव्हा पुरेशी उंची उरली नव्हती. त्यानंतर दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ रोजी, फ्रान्समध्ये लियोंहून स्ट्रासबर्गला जाणारे एअर इंटरचे ए३२० सेंट ओदिल डोंगरावर आदळून ९६ पैकी ८७ जण मरण पावले. तेथे उतरण्याचा कोन ३.३ अंश ठेवायचा होता. सर्वांत संभाव्य मानल्या गेलेल्या कारणानुसार यंत्रणा कोनाऐवजी दराच्या अवस्थेत होती आणि खिडकीत दिसणारे ‘३३’ हे आकडे मिनिटाला ३,३०० फूट असा हुकूम ठरले. दोन्ही अर्थ दाखवणाऱ्या आकड्यांत फरक फक्त एका दशांश चिन्हाचा होता. पुढे ए३२० मधील त्या खिडकीची रचना बदलण्यात आली आणि उतरण्याचा दर पूर्ण चार आकड्यांत दिसू लागला. घरी अभ्यास करणाऱ्याने हे दोन्ही प्रसंग आपल्या सिम्युलेटरवर पुरेशा उंचीवर, सावकाशपणे, पुन्हा घडवून पाहावेत, वरच्या पट्टीत त्या वेळी कोणती अक्षरे येतात ते टिपून ठेवावे, आणि यात गेलेली माणसे खरी होती याचे भान ठेवून ते करावे.

यानंतरचा धडा वऱ्हाडातल्या वाचकाला त्याच्या घराबाहेरचे ऊन शिकवते. हवा तापली की विरळ होते, विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनालाही जोर कमी मिळतो. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर, म्हणजे हजारावर थोडे फूट, उंचीवर आहे आणि त्या उंचीसाठी वैमानिकी गणितात प्रमाण मानलेले तापमान १३ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तर प्रमाणाहून ३२ अंश अधिक झाले. दर अंशामागे विमानाला भासणारी उंची साधारण १२० फुटांनी वाढते, म्हणून ३,८४० फुटांची भर पडते आणि एकूण उंची सुमारे ४,९०० फूट, म्हणजे जवळपास १,५०० मीटर, होते. चिखलदऱ्याचे पठार सुमारे १,१०० मीटर उंच आहे. तेव्हा नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला चिखलदऱ्याहूनही वर असलेल्या धावपट्टीवरून उडाल्यासारखे उडावे लागते. येथेच ‘फ्लेक्स’ तापमान या संकल्पनेचा उलगडा होतो. धावपट्टी लांब आणि विमान हलके असेल तेव्हा पूर्ण जोर लावण्याची गरज नसते, म्हणून बाहेरची हवा प्रत्यक्षापेक्षा बरीच अधिक तापलेली आहे असे तापमान संगणकात भरले जाते आणि इंजिन त्या मानाने बेताचा जोर देते, ज्यामुळे त्याचे आयुष्य वाढते. जानेवारीतील पहाटे या कल्पित आणि खऱ्या तापमानांत भरपूर अंतर असते. मेमध्ये ते अंतर आक्रसत जाते आणि प्रवासी वा इंधन कमी करण्याचा प्रश्न उभा राहू शकतो. सिम्युलेटरमध्ये तारीख, वेळ आणि तापमान बदलून तेच विमान त्याच धावपट्टीवरून दोनदा उडवले, तर जमीन सुटेपर्यंतचे अंतर किती वाढते ते डोळ्यांनी दिसते.

उतरणीचे गणित तर अक्षरशः वऱ्हाडाच्या माथ्यावर मांडलेले आहे. मुंबईहून नागपूरला येणारे विमान ३३,००० फुटांवर आहे असे धरले आणि वाट सरळ रेषेची मानली, तर धावपट्टीच्या उंचीपर्यंत त्याला ३२,००० फूट खाली यायचे असते. दर हजार फुटांना तीन सागरी मैल हा वैमानिकांचा जुना ठोकताळा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्याप्रमाणे ९६ मैल होतात, वेग कमी करण्यासाठी आणखी दहाएक मैल राखून ठेवले की सुमारे १०५, म्हणजे १९० ते १९५ किलोमीटर. नागपूरपासून एवढे अंतर मागे मोजले की बिंदू येतो तो अकोला आणि मूर्तिजापूर यांच्या दरम्यान, त्या गावांच्या थोडा दक्षिणेस. तेथे इंजिने मंद होतात आणि विमान आपल्या उंचीचे भांडवल हळूहळू वेगात व अंतरात खर्च करू लागते. मोझरीच्या बाजूने जाताना नागपूर सुमारे ६० मैल उरलेले असते आणि याच ठोकताळ्याने विमान १७ ते १८ हजार फुटांच्या आसपास असायला हवे. पाठीमागून वारा असेल तर उतरण आधी सुरू करावी लागते. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, वळसा घालून उतरायचे असेल तर त्या वळशाचे मैलही हिशेबात धरावे लागतात आणि उतरण लांबणीवर पडते. संगणक हे सर्व स्वतःच काढतो आणि नकाशाच्या पडद्यावर खाली वळलेल्या बाणाने उतरणीचा आरंभ दाखवतो. तरीही अभ्यासकाने आधी हा हिशेब मनात करावा आणि मग यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहावा, कारण हवाई नियंत्रकाने मध्येच उंची राखून ठेवायला सांगितली की यंत्राची आखणी मोडते आणि त्या वेळी किती उंची अधिक झाली आहे हे मनाशी जाणणाराच विमान वेळेत खाली आणू शकतो. ज्याला हे गणित अवगत झाले, त्याला आश्रमाच्या आवारातून दिसणाऱ्या विमानाची पुढची कामेही ओळखता येतात.

घरच्या साधनाच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शरीराला जाणवणारे धक्के, वळणातला भार, ब्रेकचा हिसका यांपैकी काहीही खुर्चीत जाणवत नाही. एका पडद्यातून दिसणारे जग अरुंद असते, त्यामुळे जमीन किती जवळ आली हे डोळ्यांच्या कडांनी ओळखण्याचे जे कसब उतरताना लागते, ते नीटसे येत नाही. जॉयस्टिकच्या बाबतीत मात्र एक बारकावा नोंदण्याजोगा आहे. एअरबसची साइडस्टिक केवळ स्प्रिंगच्या ताणावर चालते आणि पंखांवरचा हवेचा जोर ती हाताला कळवत नाही, म्हणून घरची साधी जॉयस्टिक तिच्या बरीच जवळ जाते. बोइंगचे सुकाणू वेगाबरोबर जड होत जाते, त्याची नक्कल स्वस्त साधनात होत नाही. वैमानिकांना प्रशिक्षण देणारे पूर्ण दर्जाचे सिम्युलेटर सहा हायड्रॉलिक वा विद्युत पायांवर डोलतात आणि त्यांतील सर्वोच्च ‘डी’ पातळीची सत्यता इतकी मानली जाते की अनुभवी वैमानिकाला नव्या प्रकारच्या विमानाचे शिक्षण त्यावरच पुरे करता येते. घरी घालवलेला एकही तास मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे उड्डाणाचा म्हणून नोंदला जात नाही. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण लागते आणि त्याला पर्याय नाही. सिम्युलेटर मध्येच थांबवणारे ‘पॉज’चे बटण ही आणखी एक मर्यादा, किंबहुना सर्वांत घातक, कारण आकाशात काळ थांबवता येत नाही आणि थांबवण्याची सवय लागलेल्या मनाला घाईत निर्णय घेण्याचा सराव मिळत नाही.

प्रवासी विमान एकट्याने चालवण्यासाठी घडवलेले नसते, ही बाब घरी सहज विसरली जाते. दोघांपैकी एक जण विमान उडवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओवर बोलतो, चेकलिस्ट वाचतो. पहिल्याने आकडा बदलला की दुसऱ्याने तो पडद्यावर पाहून दुजोरा द्यायचा असतो. बंगळूरच्या प्रसंगात हाच दुजोरा तुटला असावा. म्हणून शक्य असेल तेथे दोघांनी मिळून, एकाच टेबलाशी बसून अभ्यास करावा. दोन भावंडे, दोन मित्र, किंवा काका आणि पुतण्या अशी जोडी असेल तर वयाचा मान दुजोऱ्याच्या आड येऊ देऊ नये. पुतण्याने ‘काका, वेग उतरतोय’ असे त्याच क्षणी म्हटले पाहिजे आणि काकांनी ते ऐकले पाहिजे. वयाचा किंवा हुद्द्याचा संकोच कॉकपिटमध्ये किती महाग पडतो याचा अभ्यास जगभरच्या विमान कंपन्यांनी गेल्या चार-पाच दशकांत केला आहे आणि त्यातून ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ओळखली जाणारी प्रशिक्षणशाखा उभी राहिली आहे.

साधनसामग्रीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, अद्ययावत देखाव्याचा हट्ट सोडला की मध्यम ताकदीच्या संगणकावर एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगियर बऱ्यापैकी चालते. मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ती भूप्रदेशाची चित्रे उड्डाण चालू असतानाच इंटरनेटवरून घेत असल्यामुळे जेथे जाळे क्षीण आहे तेथे तिचा उपयोग मर्यादित राहतो. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच. विमान उत्पादकांची हस्तपुस्तके आणि नियंत्रकांशी होणारे बोलणे इंग्रजीत असते व व्यवसायात उतरणाऱ्याला त्या भाषेवाचून गत्यंतर नाही. परंतु तत्त्व मातृभाषेत समजलेले असले की इंग्रजी हस्तपुस्तक वाचताना अडखळणे कमी होते.

या अभ्यासाची पावले पुढे कोठवर जाऊ शकतात, हा प्रश्न आता वऱ्हाडात केवळ कल्पनेचा राहिलेला नाही. अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळाचे उद्‌घाटन १६ एप्रिल २०२५ रोजी झाले आणि अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली. याच ठिकाणी एअर इंडियाने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीबरोबर वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले असून तिच्यासाठी ३१ एकइंजिनी पायपर आणि ३ दुइंजिनी डायमंड विमाने आणि दरवर्षी १८० वैमानिक अशी योजना मांडण्यात आली आहे. अशा संस्थेत पहिले शिक्षण लहान विमानावरच होते, आणि ए३२० चे खटके तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्याला तेथे वाऱ्यावर डोलणारे हलके विमान आपल्या हातांनी सरळ ठेवणे नव्याने शिकावे लागेल, याची जाणीव आधीच असलेली बरी.

त्या दृष्टीने बेलोऱ्याला येणारे विमान घरच्या अभ्यासकासाठी उत्तम दुवा आहे. ते एटीआर ७२ आहे. पंख्याच्या दोन इंजिनांचे, सत्तरएक आसनांचे, आणि १,८५० मीटरच्या धावपट्टीला साजेसे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी त्याची तपशीलवार प्रतिकृती २०२३ पासून उपलब्ध आहे. या विमानात ऑटोपायलट आहे, परंतु एअरबससारखी इंजिनाचा जोर आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा नाही. उतरताना वेग घटू लागला तर लिव्हर पुढे सारणारा हात वैमानिकाचाच असतो. ए३२० वर एफएमए वाचण्याची सवय पक्की झाल्यावर अभ्यासकाने मुंबई–अमरावती हा मार्ग एटीआरवर घ्यावा, हवा मे महिन्याची ठेवावी, उतरणीचा बिंदू स्वतः मोजावा आणि शेवटचे हजार फूट ऑटोपायलट बंद करून बेलोऱ्याच्या धावपट्टीकडे यावे. वेग, उतरण्याचा दर आणि धावपट्टीची रेषा या तिन्ही गोष्टी जमिनीपासून पाचशे फुटांवर असताना जागच्या जागी नसतील, तर लिव्हर पुढे सारून, चाके वर घेऊन, पुन्हा फेरी घालावी. कंपन्यांच्या नियमांनुसार खऱ्या वैमानिकालाही तेच करावे लागते.